पहाटे उठवून मिळेल

पाशामियाँच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात त्या जूनपासून एकाच आजाराची घड्याळं येऊ लागली. गजर होत नाही, ही तक्रार. आणणारी सगळी पोरं बारावीची, चाकूर, हदगाव, नायगाव अशी गावं सोडून लातूरला डॉक्टर व्हायला आलेली. पाशामियाँ डोळ्याला भिंग लावायचे, घड्याळ उघडून फुंकर मारायचे, चावी द्यायचे, आणि गजर असा वाजायचा की शेजारच्या दुकानदाराचा चहा सांडायचा.

"घड्याळ तर ठणठणीत हाय, बेटा."

"मग मला ऐकू का येत न्हाई, चाचा?"

"ते कानाच्या डॉक्टरला विचार. न्हाईतर तूच हो डॉक्टर अन् तूच बघ."

न बिघडलेल्या घड्याळाचे पैसे घेणं त्यांना जमत नसे. त्यामुळे गिऱ्हाईक वाढलं तशी कमाई घटली. व्यापाराच्या इतिहासात अशी भरभराट फार कमी जणांच्या वाट्याला आली असेल.

एका संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. बानो, म्हणजे त्यांची बायको, भेंडी चिरत बसली होती.

"पोरांना गजर ऐकू येतो हो," ती म्हणाली. "हात काढतात, बंद करतात, पुन्हा झोपतात. घड्याळाचं काय, एकदा ओरडलं की त्याचं काम झालं. माणूस असतं तर समोर उभं राहिलं असतं." मग दोन भेंड्या चिरून झाल्यावर म्हणाली, "मी उठवू का त्यांना? रोज, चारला. पैसे घेऊन."

पाशामियाँनी भिंग काढलं. दुकानातून घरी येताना ते काढायचं राहून गेलं होतं.

"नको," ते म्हणाले.

आता त्या गल्लीतल्या खोल्यांबद्दल सांगायला हवं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गल्लीतल्या प्रत्येक घराने अंगणात पत्र्याची एक खोली उभारली. स्लॅबखाली झोपायची कोणाची छाती नव्हती. पत्रा अंगावर पडला तर माणूस निदान शिव्या द्यायला शिल्लक राहतो, असा हिशेब. दोनेक वर्षं सगळी गल्ली पत्र्याखाली झोपली. मग लातूरची पोरं बोर्डाच्या यादीत झळकू लागली, खेड्यापाड्यांतून ट्रंका येऊ लागल्या, आणि पत्र्याच्या खोलीला भाडं मिळू लागलं. एकेक घर मुकाट्याने पुन्हा स्लॅबखाली गेलं. भीतीला भाडं मिळायला लागलं की ती बरीच कमी होते, हे तेव्हा कळलं.

पाशामियाँची खोली तेवढी भाड्याने गेली नव्हती. तिच्यात बानो झोपायची. झोपायची म्हणजे रात्री आडवी व्हायची आणि तीनच्या सुमाराला उठून बसायची. किल्लारीकडच्या एका गावात तिची धाकटी बहीण शमीम दिली होती. भूकंपाच्या रात्री गावाने गणपती बुडवले, उशिरा सगळे झोपले, आणि चार वाजायच्या जरा आधी दगडमातीच्या भिंती खाली आल्या. आता चौथं वर्ष चालू होतं. बानो रडत वगैरे नव्हती. फक्त ती वेळ टळेपर्यंत बसून राहायची, पहाटेची, फजरची अजान झाली की नमाज पढायची आणि कामाला लागायची. ती बसलेली आहे हे पाशामियाँना अंधारातही कळायचं. तेही शेजारच्या बाजेवर डोळे मिटून जागे राहायचे. दोघंही एकमेकांशी हे बोलले नव्हते.

"नको" म्हटल्यावर बानोने कारण विचारलं. पाशामियाँनी पहिलं कारण धर्माचं दिलं.

"आमच्या अब्बांनी सारी उमर रमजानात मोहल्ला उठवला. डबा वाजवत फिरायचे. कोणाकडून छदाम घेतला न्हाई. सवाबचं, पुण्याचं काम हाय ते. त्याचं दुकान मांडायचं?"

"ते सहरीच्या जेवणासाठी उठवायचे. ही पोरं काय रोजे ठेवून राहिलीत? ही केमिस्ट्री करतात."

दुसरं कारण समाजाचं. "लोक काय म्हणतील? पाशामियाँची बायको पहाटे परक्यांची दारं वाजवत फिरते."

"त्या वेळेला लोक झोपलेले असतात. बोलायला उठले, तर त्यांचेबी पैसे घेईन."

तिसरं कारण सापडेना, तेव्हा त्यांनी सांगितलं की आपण रेणुकादास सरांना विचारू.

रेणुकादास सर समोरच राहायचे. कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. 'लघुउद्योगाची उभारणी' हे प्रकरण ते अठरा वर्षं शिकवत होते आणि त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने अद्याप लघुउद्योग उभारला नव्हता. सगळे नोकरीला लागले होते, यावरून शिकवणं चांगलं असावं. कोणी खरोखरचा धंदा घेऊन सल्ल्याला आल्याचा हा पहिलाच प्रसंग. सरांनी सदऱ्याची बटणं लावली.

"बसा भाभी. पहिला प्रश्न. भांडवल काय?"

"भांडवल म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे असं काय आहे, जे इतरांकडे नाही?"

बानोने जरा विचार केला. "मला झोप येत न्हाई."

सौदामिनीबाई, सरांच्या पत्नी, आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"बरं," सर घसा खाकरून म्हणाले. "हे भांडवल स्वतःचं आहे. कर्ज नाही. चांगली गोष्ट आहे. आता, स्पर्धक कोण?"

"हे," बानोने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "गजराची घड्याळं नीट करून देतात."

"मी कुठं नीट करतो? ती आधीच नीट असतात," पाशामियाँ म्हणाले.

सरांनी मग गिऱ्हाईक, मागणी, जाहिरात असा सगळा डोंगर चढून दाखवला. 'सूर्योदय प्रभात सेवा' असं नाव सुचवलं. नाव एवढं लांब की ते घेईपर्यंत सूर्योदय होईल, असं सौदामिनीबाई म्हणाल्या. शेवटी सरांचा कौल पडला की धंदा करायला हरकत नाही, आणि बुडाला तर बुडण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर पाशामियाँ जेवले नाहीत. अंगणात बाजेवर बसून राहिले.

"आता काय?" बानोने विचारलं.

"बुडण्यासारखं काही न्हाई म्हणे. त्यांना काय ठाऊक." मग बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. "बानो, मी वाट बघून राहिलो. चार वर्षं. आज न्हाई तर उद्या, एका दिवशी तू सकाळ होईस्तोवर झोपशील. म्हातारपणी का होईना. आता तू गिऱ्हाईक घेतलंस, की रोज चारला उठायचं बंधनच आलं. मग ते कधीच व्हायचं न्हाई. तुला झोप येत न्हाई त्याची तू कायमची नोकरी करून घेणार."

हे चौथं कारण होतं, आणि बाकीची तीन त्याच्यावर पांघरूण म्हणून टाकलेली होती.

बानो त्यांच्या शेजारी टेकली. "तुमी जागे असता, मला ठाऊक हाय."

"मी? मी घोरत असतो."

"घोरता तेव्हा असं न्हाई घोरत." ती हसली, मग म्हणाली, "बसायचं तर हायच हो. नुसतं बसलं की भिंती ऐकू येतात. चार पोरांच्या दारापर्यंत चालत गेले तर तेवढा वेळ पाय तरी हलतील. एक महिना करून बघते. तुमी नको म्हणाल त्या दिवशी बंद."

पाशामियाँ काही बोलले नाहीत. त्यांच्या घरात याला होकार म्हणत.

उद्घाटन जुलैत झालं. सासऱ्यांची पद्धत बानोला माहीत होती: डबा वाजवायचा आणि मोठ्याने हाक द्यायची. सासऱ्यांच्या काळी ती पद्धत उत्तम होती. बानोने गोड्या तेलाचा रिकामा डबा घेतला, चार वाजायच्या जरा आधी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, पहिल्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर थाप मारली, डबा बडवला आणि ओरडली, "उठो, बच्चो, उठो."

पोरं उठली की नाही, हे सांगता येणार नाही. बाकीची गल्ली उठली. उठली म्हणजे बाहेर आली. पत्र्याचा खडखडाट, अंधार, ती वेळ, आणि कोणीतरी बाई ओरडते आहे. चार वर्षांपूर्वी ज्यांचं शरीर एकदा हे शिकलं होतं, त्यांच्या शरीराने डोक्याला विचारलं नाही. लेकरं काखेत मारून बायका रस्त्यावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेषेराव टीव्ही उचलून आले, वायर मागे सरपटत होती. रेणुकादास सरांच्या हातात प्रेशर कुकर होता, झाकण नव्हतं. सगळे जण वर मान करून खांबावरच्या तारा बघत उभे राहिले, झुलतात का ते. लातुरात तेव्हा माणसं आधी तारा बघायची आणि मग एकमेकांकडे.

तारा स्थिर होत्या. तारांच्या खाली बानो डबा घेऊन उभी होती.

कोणी हसलं नाही. शेषेरावांनी टीव्ही रस्त्यावर ठेवला आणि मागची वायर गोळा करून हातावर गुंडाळली.

"बाई, तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं," ते म्हणाले. एवढंच.

बानो घरी आली, डबा कोपऱ्यात उपडा घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पाशामियाँना ती धंदा बंद करते म्हणाली असती तर हवंच होतं. पण असं नको होतं. दुपारी ते दुकान सोडून घरी आले, कारण नसताना. येताना जिलेबी आणली, ती तशीच कागदात राहिली.

"शमीम गेली त्या वेळेचं भ्या मीच वाटत फिरले," ती शेवटी म्हणाली. "मी."

संध्याकाळी सौदामिनीबाई आल्या. रेणुकादास सर सोबत येणार होते, पण कुकरच्या आठवणीने थांबले असावेत. बाई प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळायच्या. पहिलीच्या वर्गाला साठ-सत्तर पोरं असली की माणसाला फार सविस्तर बोलायची सवय राहत नाही.

"भाभी, एक सांगते, यांना सांगू नका. सरांना मी रोज उठवते. पहिलं लेक्चर साडेसातचं. तर चार वर्षं झाली, आधी म्हणते, 'काही झालेलं नाही.' मग म्हणते, 'उठा.' उलटं केलं की ते सरळ अंगणात जातात."

बानोने पहिल्यांदा मान वर केली. "सर?"

"एकदा तर पळताना पडवीतला दिवाच फोडला. प्रत्येक घरात असंच चाललंय, भाभी. शेषेरावांच्या सुनेला विचारा. आधी सांगायचं, मग उठवायचं. तुम्ही आधी उठवलंत."

बानोला चार वर्षं वाटत होतं की त्या वेळेला फक्त तीच बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. माफी मागायला म्हणून गेली, आणि प्रत्येक घरी चहा प्यावा लागल्याने संध्याकाळपर्यंत परतलीच नाही. शेषेराव म्हणाले, "धंदा करा, पण डबा आमच्याकडे जमा करा." तिने जमा केला. त्यात त्यांनी तुळस लावली.

मग खरा धंदा सुरू झाला. दारावर थाप नाही, डबा नाही. खिडकीशी उभं राहायचं आणि हळू आवाजात, पोराचं घरचं नाव घेऊन सांगायचं: "काही झालं न्हाई, बेटा. मी खाला. चार वाजले." पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; त्यांची घरची नावं तिने आधीच विचारून ठेवली होती. चाकूरचा वीरभद्र पावणेसहा फूट उंच होता आणि त्याचं घरचं नाव 'चिमण्या' निघालं. त्याने ते फक्त तिला सांगितलं होतं. आता रोज पहाटे खिडकीतून येणाऱ्या त्या हाकेने आजूबाजूच्या खोल्याही हसत उठू लागल्या, म्हणजे एका फीमध्ये तीन गिऱ्हाइकं उठली.

पोरगं "हूं" म्हणालं तरी ती हलायची नाही.

"आज काय?"

"...फिजिक्स."

"फिजिक्समदी काय?"

"खाला, भिंग. तुमच्या घरी चाचांकडं असतंय ते."

"बरं. दिवा लाव. मला दिसला पाहिजे."

दिवा लागला की पुढची खिडकी. मुलींच्या खोलीत ती आत जायची. नायगावची शिवगंगा उठून बसायची आणि बसल्या बसल्या तिच्या खांद्यावर पुन्हा झोपायची. या गिऱ्हाइकाला वेळ जास्त लागतो, पण तक्रार नाही, असं बानो म्हणायची. दसऱ्यापर्यंत गल्लीतल्या सगळ्या खोल्या तिच्याकडे आल्या आणि पाशामियाँच्या दुकानात बरी असलेली घड्याळं यायची थांबली. त्यामुळे त्यांची कमाई वाढली. हेही रेणुकादास सरांच्या प्रकरणात कुठे बसत नव्हतं.

पाशामियाँ मात्र महिना मोजून होते. महिना झाला, दुसरा झाला. नको म्हणायचं ठरवून ते रोज उठायचे आणि तिच्या चपलांचा आवाज ऐकत पडून राहायचे.

मग एके दिवशी, थंडी सुरू झाली होती, ते उजाडल्यावर उठले आणि चहाचा वास आला नाही. बानो नमाजाच्या चटईवर, जानमाजवरच आडवी झाली होती. फेरी करून आली होती, नमाज झाली होती, डोक्यावरचा दुपट्टा तसाच. पाशामियाँ गुडघ्यावर बसले आणि तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास गरम होता, संथ होता. ती झोपली होती.

ते तसेच बसून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की घरात भिंतीवर दुरुस्तीला आलेली तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही ठोके देणारी आहेत. ते पायाच्या बोटांवर उभे राहिले आणि एकेकाचा लंबक धरून थांबवला. आयुष्यभर बंद घड्याळं चालू केली होती. चहा केला नाही, भांडं पडेल म्हणून. दुकानाची किल्ली खिशात खुळखुळते म्हणून ती मुठीत धरून बसले.

उन्हं दारात आली तेव्हा बानो उठली. भिंतीकडे बघितलं. "वाजले किती?"

"ठाऊक न्हाई."

"घरात तीन घड्याळं अन् ठाऊक न्हाई?"

"बिघडलीत," पाशामियाँ म्हणाले. "सगळी एकदम. बघावं लागंल."

तिने त्यांच्याकडे बघितलं, लंबकांकडे बघितलं, आणि खाली बसली. "त्या रात्री सारं गाव झोपलं होतं हो. शमीम, तिची लेकरं, शेजारी, सगळे. एकबी जण जागा नव्हता. म्हणून मी जागी राहायची. कोणी तरी पाहिजे ना. आता फेरी करून येते, मागं वळून बघते, तर सगळ्या खिडक्यांत दिवा. मग वाटलं, एवढी पोरं जागी हायत. माझं काय काम? जरा पाठ टेकते."

पाशामियाँनी नको म्हणायचं ठरवलेलं होतं ते त्या दिवसापासून सोडून दिलं. उलट कोणी आणखी गिऱ्हाईक आहे का, याची चौकशी ते स्वतःच करू लागले.

रमजान जानेवारीत आला, ऐन परीक्षेच्या तोंडावर. बानोने त्या महिन्यात कोणाकडूनच फी घेतली नाही. सहरीला उठणारे आणि केमिस्ट्रीला उठणारे यांच्यात त्या वेळेला फरक करता येत नाही, असं तिचं म्हणणं. रेणुकादास सर हळहळले, "भाभी, हाच तर हंगाम." पण पाशामियाँ तो महिनाभर तिच्याबरोबर कंदील घेऊन फिरले. अब्बांच्या जागी, पण डब्याशिवाय.

मार्चमध्ये पेपर संपले. ट्रंका एसटीच्या टपावर चढल्या. शिवगंगा बानोच्या गळ्यात पडून रडली. वीरभद्र रडला नाही, फक्त म्हणाला, "खाला, ते नाव कोणाला सांगू नका." गल्लीतल्या खोल्यांना कुलपं लागली. त्या रात्री बानो वेळेवर झोपली आणि तीनच्या सुमाराला उठून बसली. बाहेर एकाही खिडकीत दिवा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना पाशामियाँनी कामाची पेटी, टेबलावरचा दिवा आणि रुमालात बांधलेली बंद घड्याळं आणली.

"हे काय?"

"दिवसा गिऱ्हाइकं बडबडून राहतात. बारीक काम होत न्हाई. पहाटे करतो."

तीन वाजता ते उठले, तिच्या खाटेच्या पायथ्याशी चटई टाकली, दिवा लावला आणि भिंग चढवलं. बानो सवयीने जागी झाली. तिने दिव्याकडे बघितलं. त्यांचा वाकलेला पाठीचा कणा बघितला, चिमट्यात धरलेलं इवलंसं चाक बघितलं. त्यांना ते चाक बसत नव्हतं, कारण हात पेंगत होता.

"तुमी जागे हाव ना?" तिने विचारलं.

"हाव."

"नक्की?"

"अगं, काम करून राहिलो. झोप."

ती कुशीवर वळली. त्या उन्हाळ्यात घड्याळांची दुरुस्ती फार काही चांगली झाली नाही. एक-दोन तर मागे चालू लागली.

जूनमध्ये एका सकाळी हदगावहून पहिल्या गाडीने एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. ट्रंक, वळकटी, बाटलीतलं लोणचं. पत्ता विचारत विचारत अंगणात पोचले तेव्हा पाशामियाँ दारात बसून डोळे चोळत होते. उन्हं चांगली वर आली होती.

"पोरांना पहाटे उठवणाऱ्या बाई इथंच राहतात का? आमचा हा कुंभकर्ण हाय. गजर लावून भागत न्हाई. म्हटलं, खोली नंतर बघू, आधी यांना भेटू."

"इथंच राहतात," पाशामियाँ हळू आवाजात म्हणाले. "पण आता भेटता यायचं न्हाई. मालकीण झोपल्यात."

गृहस्थांनी आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "आत्ता? मग उठवा की जरा. लांबून आलोय."

पाशामियाँनी ओठांवर बोट ठेवलं आणि ओसरीवर सतरंजी पसरली.

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या. तेवढं एक काम आमच्याकडं होत न्हाई."